उत्क्रांतीचा धडा आणि आकाशवाणी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



कोणाला किती ज्ञान द्यायचे हे ठरविणे, हेही राजकारणच होय. 2023 साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणात नुसती आनुवंशिकता उरली. कारण दिले गेले ते विद्यार्थ्यांवरील भार हलका करण्याचे. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी निषेधाचे पत्र काढले. हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहेच, असे त्यावर उत्तर मिळाले. परंतु जी मुलगी दहावीनंतर शाळा सोडते किंवा कला शाखेकडे वळते, तिचे काय? सर्व माणसे एकाच कुळातली आहेत, जन्मजात श्रेष्ठत्वाला निसर्गात आधार नाही, हे तिला कोण सांगणार?

एकेकाळी आकाशवाणीने ते सांगितले आहे. 1990 च्या दशकाच्या आरंभी ‘मानव का विकास’ ही शंभरांहून अधिक भागांची मालिका अनेक भारतीय भाषांतून प्रक्षेपित झाली. ती ऐकण्यास ना शाखा निवडावी लागे, ना शिकवणीची फी भरावी लागे.

आणीबाणीत हीच आकाशवाणी सत्तेची बटीक झाली होती, हे आपण विसरलेलो नाही. म्हणूनच स्वायत्ततेची मागणी पुढे आली. प्रसारभारतीचा कायदा 1990 साली झाला. तो अमलात यायला 1997 उजाडले. दरम्यान 1995 साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राने बजावले, की प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तथापि तिजोरीच्या किल्ल्या सरकारकडेच राहिल्या. नागपूरच्या प्रक्षेपकावरून रात्रभर देशाला ऐकू येणारी राष्ट्रीय वाहिनी जानेवारी 2019 मध्ये बंद झाली. कारण, खर्चात काटकसर!

एकीकडे ‘भार’, दुसरीकडे ‘खर्च’. दोन्ही ठिकाणी झळ पोहोचते ती ज्याला ज्ञान विकत घेता येत नाही त्यालाच. पाठ्यपुस्तकासाठी आपण निदान पत्रके तरी काढतो. आकाशवाणीबाबत मात्र आपण स्वस्थ बसलो, हा दोष आपलाही आहे.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. उत्क्रांतीचा धडा दहावीत परत यावा. प्रत्येक केंद्रावरून स्थानिक शिक्षकांच्या सहभागाने विज्ञानाचा साप्ताहिक कार्यक्रम व्हावा. प्रसारभारतीला मंत्रालयाच्या मर्जीवर नव्हे, तर संसदेच्या कायद्याने निश्चित निधी मिळावा. लहरी जनतेच्या आहेत, तर त्यांवर जनतेच्या मुलांचा पहिला हक्क आहे.