सुहैलीची घरवापसी
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



दर्याचा विषय आपल्या कोकणातल्या घरांना नवा नाही. खलाशी, सुकाणू, मोसम हे शब्द अरबीतून आणि सारंग, नाखवा, बंदर हे फारसीतून आपल्या बोलीत आले. आपल्याकडचे पुष्कळ पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बी. आय. आणि पी. अँड ओ. कंपन्यांच्या बोटींवर गेले. त्याच बी. आय. कंपनीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी होता. त्याने स्वतःच्या शिडाच्या नौकेतून मुंबईहून इंग्लंडला, म्हणजे आपल्या घरी, जायचे ठरविले. आज मी त्या प्रवासाविषयी बोलणार आहे. त्यातही प्रवासापेक्षा तयारीविषयी अधिक.

नौका मुंबईत कुलाब्याला बांधली गेली. लांबी अवघी सुमारे ३२ फूट, डोलकाठ्या दोन, लाकूड सागवानी. आपल्या देशी सुतारांनी ती वाकस आणि सामत्यासारख्या हातहत्यारांनी घडविली. १९ डिसेंबर १९६४ रोजी ती पाण्यात उतरली. नाव ठेवले ‘सुहैली’. इराणी आखातातल्या एका वाऱ्याला अरब खलाशी या नावाने ओळखतात. सुहैल हा दक्षिणेकडचा तेजस्वी तारा. मराठीत त्याला अगस्त्य म्हणतात.

आता तारीख नीट पाहा. नौका पाण्यात उतरली १९६४ च्या डिसेंबरात आणि मुंबई सोडली १९६५ च्या डिसेंबरात. मध्ये पुरे एक वर्ष गेले. घरी जाणाऱ्या माणसाला घाई असते; वाऱ्याला नसते. आपल्या समुद्रावर हिवाळ्यात ईशान्येकडून वारा वाहतो आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून. आफ्रिकेकडे जाणारी गलबते शेकडो वर्षे हिवाळ्याच्या वाऱ्यावरच निघत आली. तो मोसम चुकला, तर थांबावे लागते. आपल्यातले किती जण असे थांबतील?

थांबलेला काळ मात्र रिकामा नसतो. विद्यार्थ्यांनो, एक उदाहरण सोडवून पाहा. तीन माणसे, ४० दिवसांचा प्रवास, माणशी रोज ३ लिटर पाणी. हे झाले ३६० लिटर. वारा पडला तर काय, म्हणून निम्मी भर घाला. ५४० लिटर झाले. अर्ध्या टनाहून अधिक वजन, तेही ३२ फुटांच्या नौकेत! ते कोठे ठेवायचे, म्हणजे नौका एका अंगाला कलणार नाही? आणि सगळे एकाच टाकीत ठेवले व टाकीत खारे पाणी शिरले, तर? डब्यांतले अन्न भरतानाही कागदी चिठ्ठ्या काढून डब्यावर रंगाने नाव लिहितात. कारण ओलाव्याने कागद सुटतो आणि मग भाजीचा डबा कोणता नि दुधाचा कोणता, हे कळत नाही. शिवाय जादा शीड, दोर, सुई-दोरा, औषधे. भर समुद्रात दुकान नसते.

पण सर्वांत मोठी तयारी डोक्याची. जुन्या अरब नाविकांपाशी ‘कमाल’ नावाचे साधन असे. लाकडाची एक छोटी फळी आणि तिच्या मध्यातून ओवलेली, गाठी मारलेली दोरी. दोरी दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवताऱ्याला टेकवायची. ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश. घर सोडण्यापूर्वी आपल्या बंदराच्या ध्रुवाची गाठ दोरीत मारून ठेवली, की परतताना ती गाठ जुळेपर्यंत उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचे आणि मग त्याच रेषेवरून किनारा गाठायचा. परतीची वाट अशी निघण्यापूर्वीच दोरीत बांधलेली असे. पंधराव्या शतकातील थोर नाविक अहमद इब्न माजिद यांनी ही तारकाविद्या ग्रंथात लिहून ठेवली. वास्को द गामाला त्यांनीच वाट दाखविली असे सांगतात. बहुतेक इतिहासकार आता ते मानत नाहीत, आणि त्यांची थोरवी त्यावर अवलंबूनही नाही.

नॉक्स-जॉन्स्टनच्या काळी हेच काम सेक्स्टंट आणि घड्याळ करीत. घड्याळ ४ सेकंद चुकले, तर विषुववृत्तावर नौकेची जागा एका सागरी मैलाने चुकते. म्हणून निघाल्यावर पहिल्याच दिवसापासून, किनारा दिसत असतानाच, मोजमाप ताडून पाहायचे असते. पहिले दोन-तीन दिवस तसेही वाईट असतात. मळमळते, झोप लागत नाही, नीट बांधली नाही ती प्रत्येक वस्तू घरंगळते आणि मोठ्या बोटींच्या वाटेतून रात्री जागत जावे लागते.

‘सुहैली’ तिघांना घेऊन मस्कतवरून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिण आफ्रिकेला पोहोचली. तेथे पैसे संपले. नौका ठेवून त्यांनी कामधंदा केला, पुन्हा गाठ मारली आणि केपटाउनहून ७४ दिवस कोठेही न थांबता १९६७ मध्ये इंग्लंड गाठले. पुढे याच नौकेतून नॉक्स-जॉन्स्टनने १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसे करणारा तो पहिला माणूस. त्या शर्यतीत निघालेल्या नऊ जणांत पोहोचला तो एकटाच.

पालकहो, आता थोडे कडू बोलतो. त्याच कंपनीच्या बोटींवर आपली माणसे डेकवर आणि इंजिनात राबली. समुद्र त्यांना कमी कळत नव्हता. पण सेक्स्टंट त्यांच्या हाती क्वचितच आला, कारण त्यामागचे त्रिकोणमिती आणि इंग्रजी त्यांना शिकविलेच गेले नव्हते. आज ती सबब उरलेली नाही. २००८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीत नौकाधिकाऱ्याच्या शिक्षणासाठी बारावीला भौतिक, रसायन व गणित मिळून ६० टक्के आणि दहावीत किंवा बारावीत इंग्रजीत ५० टक्के गुण लागतात. प्रवेश परीक्षा वेगळी. आठवीत गणित नको म्हणणाऱ्या मुलाचे दार तेथेच बंद होते. मुलींच्या पालकांनीही ऐकावे. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला गोव्यातच परतल्या.

विद्यार्थ्यांनो, पोस्टकार्डाएवढी फळी आणि हातभर दोरी घरी मिळेल. उत्तरेकडे मोकळी जागा पाहून उभे राहा. रत्नागिरीला ध्रुव क्षितिजापासून सुमारे १७ अंशांवर दिसतो. हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींहून थोडा खाली. फळी जुळली, की दोरीत गाठ मारा आणि ती आपल्या भूगोलाच्या गुरुजींना दाखवा.