वकिलाकडची फाईल कुणाची?

वकील बदलायचं ठरतं आणि आधीचे वकील म्हणतात, "उरलेली फी आणा, मग फाईल न्या." पुढची तारीख तोंडावर आलेली आणि खरेदीखत, उतारे, नोटिसा सगळं त्यांच्या कपाटात. पक्षकार हबकून जातो.

सर्वोच्च न्यायालयानं २००० साली याचा निकाल दिला. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलानं फीसाठी फायली अडवल्या होत्या. करार कायद्याच्या कलम १७१ खाली आपल्याला तसा हक्क आहे, असं त्याचं म्हणणं. न्यायालयानं ते मानलं नाही. ते कलम विकता येणाऱ्या मालाबद्दल आहे, खटल्याचे कागद म्हणजे माल नव्हे. मागूनही ते परत न करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. थकलेल्या फीसाठी वकील दावा लावू शकतो, आणि तो हक्क रास्तच आहे; मेहनत त्यांनीही केलेली असते. पण त्यासाठी दुसऱ्याची जमीन किंवा पोटगी टांगणीला लावणं मला अन्यायाचंच वाटतं.

म्हणून फाईल लेखी मागा, पोच जपून ठेवा. तरीही मिळाली नाही, तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोव्याची कौन्सिल एकच आहे. तिची शिस्तपालन समिती दोन्ही बाजू ऐकते. दोष सिद्ध झाल्यास ताकीद, काही काळाचं निलंबन, किंवा थेट सनद रद्द.