गॅरेज गार कसे ठेवावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "घरातल्या एखाद्या उपयोगी गोष्टीवर चार शब्द बोला" असे सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा पुस्तकी काही सांगण्याऐवजी रोजच्या वापरातला विषय घेते. तो म्हणजे आपले गॅरेज.

तुम्ही म्हणाल, गॅरेज हा पुरुषांचा प्रांत. पण आपल्या पनवेलच्या गल्ल्यांतून उन्हाळ्यात फेरी मारून पाहा. गाडी बाहेर रस्त्यावर उभी असते आणि गॅरेजात कुठे पापड लाटणे चालते, कुठे मसाला निवडणे, कुठे शिवणाचे यंत्र. वर पत्रा, समोर शटर, आणि आत चार-पाच बायका. तेव्हा तिथला उष्मा हा आपलाच प्रश्न आहे.

तो किरकोळही नाही. 16 एप्रिल 2023 रोजी आपल्या शेजारच्या खारघरला उघड्या मैदानावर समारंभ झाला आणि उष्माघाताने 14 जण दगावले. त्या दिवशी पारा काही नागपूर-चंद्रपूरइतका चढला नव्हता. मग असे का व्हावे? आपल्या हवेत दमटपणा फार. घाम येतो, पण वाळत नाही. आणि अंग गार होते ते घाम वाळल्याने, नुसत्या घाम येण्याने नव्हे. म्हणून आपल्याकडचे थोडे ऊनही अंगाला जड जाते.

याच कारणाने राजस्थानचे किंवा विदर्भाचे उपाय जसेच्या तसे इथे चालत नाहीत. तिकडे कोरड्या हवेत वाळ्याचा ओला पडदा किंवा कूलर खोली गारेगार करतो. आपल्याकडे बंद गॅरेजात कूलर लावला तर मोदकपात्रात बसल्यासारखे होते. माठाचेच पाहा ना! देशावर माठातले पाणी जसे गार होते तसे कोकणात होत नाही. तेव्हा आपण हवा ओली करण्याच्या मागे न लागता ऊन आत येऊ न देणे आणि वारा खेळता ठेवणे, या दोन गोष्टी धराव्यात.

पहिला शत्रू पत्रा. तो पातळ असल्यामुळे चटकन तापतो आणि खाली डोक्यावर शेक देतो. त्यावर स्वस्त उपाय चुन्याचा. पांढरा रंग ऊन परतवून लावतो. होळीच्या आधी एक दिवस पत्रा धुऊन घ्यावा. चुना रात्रभर भिजवावा, गाळावा, त्यात भिजवलेला थोडा डिंक घालावा आणि दुधाइतका पातळ करून, ऊन उतरल्यावर दोन हात द्यावेत. पावसाळ्यात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. ऐपत असेल त्यांनी छतासाठी मिळणारा पांढरा रंग लावावा. तो अधिक टिकतो. अहमदाबादेत 2010 साली उष्म्याने फार माणसे गेली. त्यानंतर 2013 मध्ये तिथल्या महापालिकेने उन्हाळ्याची योजना आखली आणि पुढे वस्त्यांतली छपरे पांढरी करण्यात आली. तेलंगण सरकारने तर 2023 साली थंड छपरांचे धोरणच केले.

मात्र काळजी घ्या. चुना डोळ्यांत गेला तर फार वाईट, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेत. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय देऊ नये, तो मोडतो. आणि तो कोरडा घासूही नये, कारण त्याची धूळ छातीला घातक असते.

दुसरे काम पत्र्याखालच्या छताचे. आपल्या जुन्या घरांना कौले आणि खाली माळा असे, म्हणून खालची खोली गार राही. तेच इथे करावे. पत्र्याखाली हातभर अंतर ठेवून बांबूच्या चटया किंवा झाप बांधावेत आणि दोन्ही टोके उघडी ठेवावीत, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाते. विजेच्या तारा आणि शेगडी यांपासून ते लांब हवेत.

तिसरी गोष्ट शटरची. ते पश्चिमेला असेल तर दुपारनंतर तव्यासारखे तापते. आतून पडदा लावून उपयोग थोडा, कारण तोवर ऊन लोखंडात शिरलेले असते. बाहेरच हिरव्या जाळीचा मांडव घालावा, त्यावर दोडका किंवा गोकर्ण चढवावी. सावलीही होते आणि भाजीही. शिवाय गरम हवा वर चढते, म्हणून समोरासमोरच्या भिंतींत एक झरोका खाली आणि एक वर असावा.

गाडी आत ठेवत असाल तर बाहेरून आल्यावर ती थोडा वेळ सावलीत निवू द्यावी. तापलेले इंजिन म्हणजे पेटती चूलच. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नये, त्या धुरातल्या विषाला वास नाही की रंग नाही. पेट्रोलचा डबा, रंगाचे थिनर, गॅसचा सिलिंडर तिथे नको. आणि लहान मुले खेळताना गाडीत अडकणार नाहीत अशी किल्ली वर ठेवा. बंद गाडी थोड्याच वेळात भट्टी होते.

आता मनातली गोष्ट सांगते. वैशाखात आमच्या पापडांच्या गटातली एक भगिनी लाटता लाटता भोवळ येऊन बसली. पायांत गोळे आले होते. आम्ही तिला ओटीवर आणले, अंगावर ओली फडकी ठेवली, वारा घातला आणि शुद्धीवर आहे असे पाहून मीठ-साखरेचे पाणी घोट घोट दिले. ती सावरली. पण लक्षात ठेवा, माणूस असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काही घालू नये. अंग गार करीत करीत 108 ला फोन करावा.

ती आधी का उठली नाही? कारण मजुरी किलोवर. उठले तर किलो कमी भरतात. भगिनींनो, उष्म्याची ही बाजू चुन्याने झाकत नाही. त्या दिवसापासून आम्ही ठरवले, सकाळी सहाला बसायचे आणि बारा ते चार लाटणे बंद. पहिल्या आठवड्यात माल कमी निघाला, माल घेणाऱ्याने कुरकूर केली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकून घेतले. एकटीला ते जमले नसते. पापडाला ऊन हवे, लाटणारीला नको.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की, दरवर्षी माघात आपण एक दिवस ठरवावा आणि ज्या घरी बायका कामाला बसतात त्या प्रत्येक पत्र्याला सर्वांनी मिळून चुना द्यावा. पत्र्याला जरूर चुना लावू या, मात्र एकमेकींना लावू नये!