दुव्याला हवा खरा पत्ता

पडद्यावरील एखाद्या शब्दावर टिचकी मारावी आणि इष्ट पृष्ठ समोर यावे, ही सोय आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. या शब्दाला ‘दुवा’ म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत ज्या वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली, तिचा पायाच हा दुवा होय. ‘एचटीएमएल’मध्ये त्यासाठी ‘ए’ ही खूण असते आणि तिच्या ‘एचरेफ’ या गुणधर्मात पृष्ठाचा पत्ता लिहिलेला असतो. तो वाचून ब्राउझर स्वतःच वाट दाखवितो.

१९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी ‘नेटस्केप’साठी जावास्क्रिप्ट ही भाषा सिद्ध केली. पुढे तिच्या साहाय्याने सबंध पृष्ठ पुन्हा न मागविता त्याचा एखादाच भाग बदलणे शक्य झाले. परंतु या सोयीपायी अनेक ठिकाणी पत्त्याच्या जागी नुसते हॅश चिन्ह घालून सारा भार स्क्रिप्टवर टाकण्यात आला. नेटवर्क क्षीण असले, स्क्रिप्टची फाइल वाटेतच अडली किंवा तीत चूक राहिली, की असा दुवा निर्जीव होतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर दुर्गम खेड्यातील विद्यार्थ्याचे वर्षच पणाला लागते.

मग उपाय कोणता? प्रत्येक दुव्यात प्रथम खरा पत्ता लिहावा आणि त्या पत्त्यावर सर्व्हरने संपूर्ण पृष्ठ द्यावे. त्यानंतरच स्क्रिप्टची जोड द्यावी. स्क्रिप्टने टिचकीची दखल घ्यावी, ब्राउझरची नेहमीची कृती थोपवावी आणि हवा तेवढा भाग आणावा. स्क्रिप्ट आलीच नाही, तर थोपविणारे कोणी उरत नाही आणि ब्राउझर सरळ त्या पत्त्यावर जातो. आधी पाया, मग सजावट अशा या पद्धतीला स्टीव्हन चॅम्पियन यांनी २००३ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ असे नाव दिले.

खऱ्या पत्त्याचे इतरही लाभ आहेत. दुवा नव्या टॅबमध्ये उघडता येतो, इतरांना पाठविता येतो, शोधयंत्रांनाही सापडतो. नोंद पुसण्यासारख्या कृतीसाठी मात्र दुवा नव्हे, फॉर्म व बटण योजावे. कारण शोधयंत्रे दुव्यांचा माग काढीत जातात आणि नकळत ती नोंद पुसली जाऊ शकते.

संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी ब्राउझरमधील स्क्रिप्ट बंद करून प्रत्येक दुवा तपासावा. या अल्प श्रमात असंख्य नागरिकांची खोळंबणारी कामे मार्गी लागतील.