मुकुट हातात धरलेला नवरा

आज एक चित्र पाहायचं आहे, तेही डोळे मिटून. मनातली भिंत मात्र मोठी घ्या: चित्र सहा मीटरहून उंच आणि जवळपास दहा मीटर रुंद आहे. झाक-लुई दाविदनं 1805 ते 1807 या काळात रंगवलेलं हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. प्रसंग, 2 डिसेंबर 1804 रोजी नोत्र-दाममध्ये झालेला नेपोलियनचा राज्याभिषेक.

आधी मुकुट शोधा. एवढ्या गर्दीतही तो चटकन सापडतो, कारण नेपोलियननं तो दोन्ही हातांनी उंच धरलाय. खाली त्याची बायको जोसेफिन गुडघे टेकून, हात जोडून, मान लववून. पहिल्या आराखड्यात नेपोलियन स्वतःच्याच डोक्यावर मुकुट ठेवत होता. ते उद्धट दिसलं असतं. बायकोला मुकुट घालणारा नवरा उदार दिसतो.

हे लग्न 1796 चं. जोसेफिनच्या पहिल्या नवऱ्याला गिलोटिनवर चढवलेलं, पदरी दोन मुलं. तिला आधार हवा होता. तरुण सेनापती नेपोलियनला पॅरिसच्या बड्या वर्तुळात शिरकाव हवा होता. तो तिच्यावर भाळलाही होता, पण लग्नानंतर काही दिवसांतच इटलीच्या मोहिमेवर निघाला. धार्मिक विधी राहिला होता, तो घाईघाईनं उरकला राज्याभिषेकाच्या तोंडावर.

आता चित्रात जरा फिरा. मधल्या सज्जात नेपोलियनची आई ऐटीत बसलीय. प्रत्यक्षात ती समारंभाला आलीच नव्हती. डावीकडे त्याच्या बहिणी शांत उभ्या आहेत. भावजयीच्या झग्याचा घोळ उचलायला त्यांनी कुरकुर केली होती, त्याचा इथे मागमूस नाही. पोपचा आशीर्वादाचा हातही दाविदनं नंतर उंचावला. आणि एक्केचाळीस वर्षांची जोसेफिन कोवळी तरुणी झाली आहे.

दाविदची थोरवी इथेच आहे. तो खोटं सांगतो, पण प्रकाश, रिकामी जागा आणि माणसांच्या नजरा अशा जुळवतो की आपल्याला ते पटतं. प्रत्यक्षात मात्र चित्र पुरं झाल्यावर दोनच वर्षांनी, वारस हवा म्हणून, नेपोलियननं जोसेफिनला घटस्फोट दिला.

तेव्हा श्रोतेहो, यापुढे दरबाराचं चित्र पाहा किंवा एखाद्या पुढाऱ्याचा सहकुटुंब फोटो, देखणेपणाला दाद जरूर द्या. मग विचारा: मध्ये कोणाला बसवलंय, कडेला कोणाला सारलंय आणि गुडघ्यावर कोण आहे?