धर्मशिक्षकाची शिदोरी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या धर्मशिक्षकांच्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या ह्या दिवसांत आपण देवालयाच्या भिंतींकडे, वेदीकडे आणि घंटेकडे कृतज्ञतेने पाहतो, व ते योग्यच आहे. परंतु ह्या भिंती ज्या कार्यासाठी उभारल्या, त्यातील एक मोठे कार्य मिस्सा संपल्यावर बाजूच्या खोलीत, बाकांवर दाटीने बसलेल्या मुलांपुढे चालत असते. त्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे योजिले आहे. धर्मशिक्षक भेटला की बहुधा एकच प्रश्न विचारतो : 'फादर, शिकवावयास साधने कोठून आणावीत? पुस्तक जुने, चित्रे नाहीत, आणि मराठीत शोधू गेले तर फारसे हाती लागत नाही.' प्रश्न रास्त आहे. साधन कोठे सापडते, सापडलेले पारखावे कसे आणि पारखलेले राखावे कसे, अशा तीन पायऱ्यांनी मी त्याचे उत्तर देऊ पाहतो.

हा प्रश्न आजचा नव्हे. इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेज येथील देओग्रातियास नावाच्या डीकनाने संत आगस्तीन यांजकडे अशीच तक्रार केली होती. नवशिक्यांना धर्मतत्त्वे सांगताना आपले बोलणे आपल्यालाच नीरस वाटते, असे त्याचे म्हणणे होते. उत्तरादाखल संतांनी एक लहानसा ग्रंथच लिहिला. त्यात काय सांगावे ह्याचा नमुना आहेच. पण त्याहून अधिक भर शिक्षकाच्या प्रसन्नतेवर आहे. ऐकणारा जांभया देऊ लागला तर त्याला हुशारी येईल असे काही बोलावे, आणि तो उभा असेल तर त्याला बसावयास आसन द्यावे, इतक्या बारकाव्याने ते लिहितात. तात्पर्य, पहिले साधन शिक्षक स्वतः होय. तो उत्साही नसेल तर रंगीत चित्रांचा ढीगही मुलांस जागे ठेवू शकणार नाही.

दुसरा दाखला आपल्याच किनाऱ्याचा आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यातून मुलांना धर्मशिक्षणास बोलावीत फिरले. पुढे दक्षिणेकडील मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेल्यावर त्यांनी तेथील जाणत्या लोकांना जवळ बसवून मुख्य प्रार्थना तामिळ भाषेत उतरवून घेतल्या व त्या स्वतः तोंडपाठ केल्या. १५४४ च्या पत्रात आपली रीत ते सांगतात : प्रत्येक गावी एक प्रत ठेवावयाची, ज्यांना लिहिता येते त्यांनी ती उतरून घ्यावयाची, आणि इतरांनी पाठ करून रोज म्हणावयाची. गावास एक प्रत, एवढीच त्यांची सामग्री होती.

तिसरा दाखला तर आपल्या मायबोलीचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वीट १५७९ साली गोव्यात आले. त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच त्या ग्रंथाच्या जन्माची हकीकत आली आहे. साष्टीत ख्रिस्ती तत्त्वांची शिकवण चालू असता एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थाने विनविले की, ही शिकवण चांगली आहे, परंतु आमची पूर्वीची पुराणे सुटली, त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास दुसरे काही द्यावे. ह्या मागणीतून सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ निर्माण झाला आणि १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ मध्ये तो पुन्हा छापला. ह्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी ग्रंथ जगला, तो भाविकांनी हाताने नकला करून जपला म्हणून! अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली जोसेफ साल्ढाणा ह्यांनी तो मंगळूर येथे रोमन लिपीत छापला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांनी तो देवनागरीत आणला. छापखाना जे राखू शकला नाही ते घराघरांतील लेखण्यांनी राखले. ग्रंथ मागणारा एक सामान्य श्रद्धावंत होता, आणि तो राखणारेही सामान्य श्रद्धावंतच होते, हे विसरू नये.

आता आजच्या काळाकडे वळू. आज साधनांचा दुष्काळ नाही, सुकाळ आहे. संत दहावे पायस ह्यांनी १९०५ साली प्रत्येक रविवारी व सणाच्या दिवशी मुलांना एक तास धर्मशिक्षण देण्याची आज्ञा केली, तेव्हा कित्येक धर्मग्रामांत प्रश्नोत्तराचे एखादे छोटे पुस्तक हेच सर्वस्व होते. आज कॅथलिक धर्मसभेचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ आहे. त्याचे विश्वासांगीकार, संस्कार, आज्ञा व प्रार्थना असे चार खांब असून परिच्छेद २८६५ आहेत. त्याचा २००५ चा संक्षेप ५९८ प्रश्नोत्तरांत आहे. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे 'सुबोध बायबल' आहे, ज्यास साहित्य अकादमीचे अनुवाद-पारितोषिक लाभले. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग ह्यांनी सुरू केलेले 'निरोप्या' मासिक आणि आपल्या वसईचे 'सुवार्ता' मासिक ह्यांचे जुने अंक कित्येक घरांच्या माळ्यावर पडून आहेत; त्यांत संतचरित्रे, कथा व सणांची माहिती विपुल आहे. शिवाय छापील पुस्तकाबाहेरची साधने आहेतच. स्नानसंस्काराचे कुंड, क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने, ऋतूंप्रमाणे बदलणारे याजकीय वस्त्रांचे रंग ही सर्व उघडी पुस्तके होत. बी पेरणाऱ्याचा दाखला वाडीतील मुलास चित्राविना कळतो, जाळ्याचा दाखला कोळीवाड्यातील मुलास, आणि मिठाचा मिठागराशेजारच्या मुलास. एक रविवार वर्ग खोलीत न भरविता कुंडापाशी भरवून पाहा.

परंतु सुकाळातही निवड हवीच. हाती आलेले प्रत्येक पान वर्गात नेण्याजोगे नसते. त्यास तीन प्रश्न विचारावेत. पहिला : हे धर्मसभेच्या शिकवणीशी जुळते काय? धर्मशिक्षणाच्या छापील पुस्तकांस महागुरुस्वामींची संमती लागते, हा धर्मसभेच्या कायद्याचाच दंडक आहे; तेव्हा पुस्तक उघडताच प्रथम ती संमती पाहावी, आणि मोबाईलवर आलेल्या गोष्टीबाबत तर धर्मगुरूंस विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. दुसरा : हे ह्या वयाच्या मुलास पेलेल काय? प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी करणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलास जे हवे, ते दृढीकरणाच्या उंबरठ्यावरील मुलास पुरणार नाही. तिसरा : हे त्याच्या घरच्या भाषेत उतरते काय?

ह्या तिसऱ्या प्रश्नापाशी मी क्षणभर थांबतो, कारण आपल्या धर्मग्रामापुढील खरी चिंता येथे आहे. आपली पुष्कळ मुले इंग्रजी शाळांत जातात. इंग्रजी पुस्तके देखणी असतात व सहज मिळतात. म्हणून धर्मशिक्षणही हळूहळू त्या भाषेत सरकत आहे. इंग्रजीशी माझे वैर नाही. मुलास जी भाषा नीट समजते तीत तत्त्वे समजावून सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. परंतु घरी आजी संध्याकाळी जपमाळ म्हणते ती मराठीत, आणि कोठे कोठे त्यात कादोडीचा वा वाडवळीचा गोडवा मिसळतो. तिचा नातू वर्गात पहिला येतो, पण तिच्या जपमाळेत त्याचा आवाज मिसळत नाही. उद्या तीच आजी अंथरुणास खिळेल, तिचे ओठ हलतील, आणि उशाशी बसलेल्या नातवास तिच्याबरोबर 'नमो मरिया' म्हणता येणार नाही! बंधूंनो, ह्यापरते दारिद्र्य कोणते? उत्तरे पाठ असणे हे ज्ञान झाले. एका घरात एकत्र गुडघे टेकणे हा वारसा होय. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, स्पष्टीकरण कोणत्याही भाषेत होवो, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, विश्वासांगीकार आणि पश्चात्तापाची प्रार्थना ही चार प्रत्येक मुलास मराठीत तोंडपाठ असावीत. ह्यासाठी पुस्तक विकत आणावे लागत नाही. ज्या घरी आजी आहे त्या घरी शिक्षिका आहे.

शेवटी राखण्याविषयी. आपल्यातील कुशल शिक्षक वर्षानुवर्षे सुंदर पाठ रचतात. त्यांचे लग्न होते, बदली होते, वय होते, आणि पाठ त्यांच्याबरोबर जातात. नवा शिक्षक पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. हा अपव्यय थांबविण्यास मोठा निधी नको. देवालयाच्या कचेरीत धर्मशिक्षणासाठी एक कपाट असावे व त्यात एक वही. प्रत्येक शिक्षकाने महिन्यातून एक पाठ तीत उतरावा : विषय कोणता, कोणत्या इयत्तेस शिकविला, कोणती गोष्ट सांगितली, मुलांनी काय विचारले, आणि काय जमले नाही. शेवटचा रकाना विसरू नये. पुढच्यास त्याचाच उपयोग अधिक. माळ्यावरचे जुने अंक त्याच कपाटात आणून द्यावेत. वृद्ध माणसांना ठाऊक असलेल्या प्रार्थना व भक्तिगीते तरुणांनी त्यांच्या तोंडून उतरून घ्यावीत. दहा शिक्षकांनी हे व्रत पाळले तर वर्षाअखेर शंभरावर पाठ जमतील, आणि तेही आपल्या मातीचे, आपल्या मुलांवर पारखलेले.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली धर्मशिक्षकाच्या कार्यास धर्मसभेतील विधिवत सेवापदाची प्रतिष्ठा दिली. हा मान आपल्या रविवारच्या खोलीपर्यंत पोहोचलेला आहे, हे ध्यानात असू द्यावे. ज्यांनी हे मंदिर उभारले त्यांनी दगड जवळच्याच भूमीतून आणले. आपणही आपली साधने जवळच धुंडाळू या. महोत्सवाची रोषणाई चार दिवसांत उतरेल. तिच्या मागे त्या कपाटातील वही जर भरत राहिली, तर पुढल्या पिढीतील शिक्षकास साधने कोठून आणावीत हा प्रश्न पडणार नाही. प्रभू येशू, ज्यांनी शेताच्या बांधावर आणि नावेत बसून शिकविले, ते आपल्या सर्वांच्या वाणीस बळ देवोत आणि पवित्र मरिया माता आपल्या लेकरांस सांभाळो. आमेन.