मी कोण झालो असतो?

(भोपाळ येथे आपल्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय दिला होता 'माझी वाटचाल'. मी म्हटले, माझी वाटचाल ती काय सांगायची? पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा इथल्या घराघरांत तीच आहे. कारखान्याचा भोंगा, सायकलींची रांग, कँटीनचा चहा, बढतीची यादी आणि शेवटी शाल-श्रीफळ. त्यापेक्षा ज्या वाटेने गेलो नाही तिच्याविषयी बोलू द्या. त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली, त्याबद्दल आभार.

निवृत्त माणसांना 'मी कोण झालो असतो' या विषयाची फार गोडी. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या कंपूत दोन कलेक्टर, एक सर्जन आणि एक कवी आहेत. अर्थात सगळे 'झाले असते' या खात्यातले. एक स्नेही तर रणजी खेळलोच असतो असे सांगतात. त्यांना मी बस पकडायलासुद्धा कधी धावताना पाहिलेले नाही. थट्टा सोडा. पण प्रश्न खोटा नाही. आयुष्याचा हिशेब मांडताना जमा-खर्चाबरोबर हे तिसरे खाते प्रत्येकजण उघडून बघतोच.

ज्यांच्यामुळे आज आपण या मांडवात बसलो आहोत, त्यांच्यापासूनच सुरुवात करू. लोकमान्य टिळक १८७७ साली डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले, ते गणितात पहिल्या वर्गाने. पुढे १८७९ साली एल्एल.बी. झाले. म्हणजे दोन सरळ वाटा समोर होत्या, वकिली आणि सरकारी नोकरी. त्यांनी तिसरी धरली. १८८० साली चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले, तिथे त्यांनी गणित शिकवले. १८९० साली मतभेदांमुळे संस्था सोडली आणि पुढचे सगळे आपल्याला माहीत आहे. स्वराज्यात तुम्ही कोणते खाते घ्याल, असे त्यांना कोणी विचारले असता, मी पुन्हा गणिताचा प्राध्यापक होईन, असे त्यांनी उत्तर दिल्याचे सांगितले जाते.

पण त्यांचे गणित कुठे गेले? १८९३ साल घ्या. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या त्यांच्या चळवळीचे हेच वर्ष, आणि 'ओरायन' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेही हेच वर्ष. वसंतसंपात कोणत्या नक्षत्रात होता यावरून वेदांचा काळ काढण्याचा तो प्रयत्न. त्यांचे निष्कर्ष सगळ्या विद्वानांनी मानले नाहीत. पण सोडलेला विषय त्या माणसाला सोडत नव्हता एवढे खरे. पंचांगशुद्धीचा ध्यासही त्याच घराण्यातला. टाकलेली वाट अशी दुसऱ्या वाटेला मागून येऊन मिळते.

दुसरे उदाहरण पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे. आपल्या मध्य प्रदेशावर त्यांचे मोठे ऋण आहे. १८६० सालचा जन्म, १८८७ साली एल्एल.बी. कराचीत आणि मुंबईत त्यांनी वकिली केली. गाण्याचा अभ्यास बाजूने चालू होता. १९०० साली पत्नी गेली, १९०३ साली मुलगी गेली. त्यानंतर त्यांनी वकिली सोडली आणि सगळे आयुष्य संगीताला दिले. देशभर फिरले, घराण्यांकडच्या चिजा गोळा केल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय सुरू झाले, १९२६ साली लखनौचे. त्यांचा वकिली पेशाही वाया गेला नाही. त्यांचे ग्रंथ वाचा. गुरु-शिष्यांचा संवाद आहे, पण उलटतपासणी वकिलाची आहे. पुरावा काय, आधार कोणता, जुना ग्रंथ काय म्हणतो आणि गवई प्रत्यक्ष काय गातो, असा प्रत्येक राग साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा केलेला.

तिसरे, डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात व्यवसाय केला, आफ्रिकेत टांझानियातही केला. १९६९ साली, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, ते पूर्ण वेळ नट झाले. १९७० साली 'नटसम्राट' आले. ही गोष्ट आपण मुलांना मोठ्या उत्साहाने सांगतो. पण एक तपशील गाळतो. त्या निर्णयाआधी कितीतरी वर्षे ते वैद्यकी सांभाळून हौशी रंगभूमीवर काम करत होते, तालमी करत होते, पडत होते, शिकत होते. म्हणजे त्यांनी अंधारात उडी मारली नाही. ज्या वाटेवरून आधी शेकडो वेळा चालून आले होते, तिकडे घर हलवले.

आमच्या कलेक्टर-सर्जन मंडळींचे इथेच चुकते. आपण चाललेल्या वाटेचे खाचखळगे आपल्याला पाठ असतात, आणि न चाललेल्या वाटेची मात्र फक्त टाळ्यांची जागा दिसते. गवयाची मैफल दिसते. पहाटे चारचा रियाज, सुटलेली गाडी, आणि बिदागी न देता हात जोडणारे आयोजक दिसत नाहीत. दोन वाटांची तुलना करायची तर दोघींची धूळ धरून करावी.

आता थोडे घरचे. आम्ही ग्वाल्हेरचे, लष्करातले. लष्कर म्हणजे फौज नव्हे, वस्तीचे नाव. वडील कारकून होते. माझी थोरली बहीण, ताई, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती माधव संगीत महाविद्यालयात शिकत होती. मी शाळेतून आलो की तिच्या रियाजाला पेटी धरायचो. त्यामुळे मला थोडे स्वरज्ञान आले आणि पेटीवादक व्हायचे असे मनाशी ठरले. ताईचा आवाज मात्र वेगळाच होता. समोरच्या आळीतले म्हातारे बाबा ती गायला बसली की रेडिओ बंद करत.

१९६७ साली मी अकरावीला, हायर सेकंडरीला होतो आणि वडील अचानक गेले. धाकटा भाऊ सातवीत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काका-मामा बसले. तासाभरात सगळे ठरले. ताईने शाळेत नोकरी धरायची, मी इंजिनिअरिंगला जायचे, धाकट्याने शिकायचे. ताई आत चहा करत होती. तिने चहा आणून ठेवला, तेव्हा तिला निर्णय सांगण्यात आला. ती "बरं" म्हणाली.

१९७२ साली मी इथे लागलो. तेव्हा हा कारखाना 'हेवी इलेक्ट्रिकल्स' होता. १९७४ साली 'भेल'मध्ये विलीन झाला. मला ट्रान्सफॉर्मर विभाग मिळाला. नव्या मुलांसाठी सांगतो, ट्रान्सफॉर्मरला वीज दिली की तो गुणगुणतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. गाभ्याचे पोलादी पत्रे प्रत्येक आवर्तनात दोनदा अगदी सूक्ष्म लांबी बदलतात, म्हणून मूळ स्वर सेकंदाला १०० कंपनांचा. पेटीच्या भाषेत खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. चाचणीच्या वेळी तो आवाज मोजावा लागतो. आमचे सहकारी मीटर बघायचे. मी आधी कान लावायचो. एखादा पत्रा सैल असला की स्वरात खरखर यायची, ती मला लगेच कळायची. वरिष्ठांना वाटे, अनुभवाने कळते. ती विद्या ताईच्या रियाजातली होती. तेव्हा पेटीवादक झालो नाही याची खंत मला फारशी नाही. माझी वाट माझ्याबरोबर कारखान्यात आली, टोकन लावून आली म्हणा.

ताईचे तसे झाले नाही. प्राथमिक शाळेत तिने निवृत्तीपर्यंत नोकरी केली. प्रार्थना बसवली, पंधरा ऑगस्टची गाणी बसवली. आम्ही मार्गाला लागल्यावर उशिरा तिचे लग्न झाले. काही वर्षांपूर्वी दिवाळीत मी तिला विचारले, "ताई, गाणं सोडल्याचं वाईट वाटतं का गं?"

ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "सोडलं असं कसं म्हणू? सोडायला आधी कोणी हातात द्यावं लागतं. मला कोणी विचारलंच नव्हतं."

मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "विचारलं असतं ना, तरी मी नोकरीच धरली असती. घर तसंच होतं. पण मग ती माझी नोकरी झाली असती."

बंधू-भगिनींनो, या व्याख्यानात मला सांगायचे आहे ते एवढेच आहे. आपण समजतो की दु:ख वाट चुकल्याचे असते. पुष्कळदा ते आपल्याला न विचारल्याचे असते. वाट तीच, कष्ट तेच, पण 'मी निवडली' आणि 'मला दिली' यांत आयुष्यभराचे अंतर पडते.

इथे मला कमला सोहोनींची आठवण येते. माहेरच्या भागवत, जन्म आपल्या इंदूरचा, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि बंगलोरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. स्त्री आहे म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. त्या स्वत: जाऊन भांडल्या. एक वर्ष काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली; विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांचे धैर्य थोरच. पण त्यांच्या वडिलांनी आणि काकांनी त्याच संस्थेत रसायनशास्त्राचा अभ्यास केला होता, दार कुठे आहे हे घरात माहीत होते. ज्या घरात दारच माहीत नाही, तिथल्या मुलीने कोणाशी भांडायचे?

आईवडिलांसाठी आणखी एक उदाहरण देतो. होमी भाभांनी केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात यावे, अशी घरची इच्छा होती. मुलाचा जीव गणितात आणि पदार्थविज्ञानात. वडिलांनी नाही म्हटले नाही आणि एकदम होही म्हटले नाही. इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग तुझे गणित शिक, असा करार केला. १९३० साली मुलाने पहिला वर्ग मिळवला आणि वडिलांनी शब्द पाळला. सगळ्या बापांना केंब्रिजचा खर्च झेपणार नाही. पण मुलाशी बसून करार करायला आणि तो पाळायला पैसे लागत नाहीत.

आज आपल्या वस्तीतली मुले बारावीला बसतात, कोचिंगसाठी कोटा-इंदूर गाठतात. त्यांना मी 'मनाला येईल ते करा' असे सांगणार नाही. ते सांगणे सोपे आहे आणि घरभाडे मनाने भरता येत नाही. लागूंसारखे वीकएण्डला का होईना, त्या वाटेवर चालून बघा. धूळ सोसवली तर पुढचे बोलू. आणि नोकरीची वाट धरावी लागली तर दुसरे काही हातातून गेले असे समजू नका. टिळकांचे गणित आणि भातखंड्यांची वकिली आठवा.

मोठ्यांना माझी विनंती वेगळी आहे. आज घरी गेल्यावर घरातल्या एका माणसाला विचारा, तुला काय व्हायचे होते? मुलाला नव्हे, त्याला सगळेच विचारतात. आईला विचारा, वहिनीला विचारा, बदलीमागून बदली झाली तेव्हा प्रत्येक गावात नोकरी सोडून आलेल्या बायकोला विचारा. वाट परत मिळणार नाही. पण विचारायला साठ वर्षे लागू नयेत.

ताई आता ऐंशीच्या घरात आहे. गुडघे दुखतात, आवाज थकला आहे. तरी फोनवर परवा म्हणाली, शेजारच्या दोन मुली संध्याकाळी शिकायला येतात, पलटे घेते त्यांच्याकडून. मी विचारले, "कोणी सांगितलं शिकवायला?"

म्हणाली, "कोणी नाही. मीच ठरवलं."

विद्येची देवता असलेल्या गजाननाने आपल्या सर्वांना असे ठरवण्याची संधी आणि दुसऱ्याला ती देण्याची बुद्धी द्यावी, अशी प्रार्थना करतो.

गणपती बाप्पा मोरया!